नुसती सही

"ताई, नुसती सही आहे गं. दहा मिनिटांचं काम."

माझा धाकटा भाऊ हे वाक्य मला आयुष्यात दोनदा म्हणाला. पहिल्यांदा पुण्यात, समोर उभा राहून. दुसऱ्यांदा पुण्याहून फोनवर, मी इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या घरी किचनमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी असताना. पहिल्या वेळेचं पुढे सांगते. दुसऱ्या वेळी जुलै लागला होता, सोमवार होता, आणि सही शुक्रवारी दुपारी चारच्या आत हवी होती.

प्रकरण असं. भावाची पुण्यात कोल्ड स्टोरेज बांधायची कंपनी आहे. भिंती, छत, दारं, सगळं फोम भरलेल्या जाड पॅनेलचं, आतला गारवा बाहेर जाऊ न देणारं. काम तो चोख करतो, आणि हे मी बहीण म्हणून नाही सांगत. नाशिकचे द्राक्षवाले त्याला सोडून दुसऱ्याकडे जात नाहीत. इंग्लंडमध्ये पाय रोवायचा म्हणून दोन वर्षं तो जिवाचं रान करत होता, आणि आता साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळ फळांच्या एका गोदामाचं काम अगदी हाताशी आलं होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी. गोदामवाल्यांच्या मान्यताप्राप्त कॉन्ट्रॅक्टरांच्या यादीत नाव लागल्याशिवाय काम नाही, आणि कॉन्ट्रॅक्टर देशाबाहेरचा असेल तर बाँड दिल्याशिवाय यादीत नाव नाही.

"बाँड म्हणजे काय रे?"

"हमीपत्र गं. बाहेरचा माणूस, अर्धं काम टाकून पळाला तर काय, अशी त्यांना भीती. म्हणून तिथलीच एक कंपनी माझी हमी घेणार. त्या कंपनीला फक्त यूकेमधलं कुणीतरी माझ्यामागे उभं असलेलं पाहिजे. फॉर्मॅलिटी आहे."

"कुणीतरी म्हणजे मी."

"मग काय तुझ्या शेजारणीला सांगू?"

मी हसले. "पाठव कागद," म्हटलं आणि गॅस बंद केला. इतकं सोपं होतं ते. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे हा एकटा माणूस. पुण्यात विमानातून उतरल्यावर मला घ्यायला येणारा तो, आणि निघताना बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून माझ्यावर खेकसणाराही तोच. त्याला नाही कशाला म्हणायचं?

बरं, मी काही भोळीभाबडी बाई नाही. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि ऑफिसात पोरं मला टरकून असतात. पण ते ऑफिसात. भावाच्या कागदात चूक शोधायची ही कल्पनाच माझ्या डोक्याला शिवली नाही.

कागद त्याच संध्याकाळी आले. चाळीसेक पानं. नवऱ्याने लॅपटॉपवर उघडले आणि तो चाळायला लागला. आमच्याकडे गप्पांचा ठेका माझ्याकडे असतो, त्यामुळे तो गप्प बसला की मला कळतही नाही. त्या दिवशी कळलं.

"यात आपल्या घराचा पत्ता आहे," तो म्हणाला.

"मग पत्ता लागणारच ना."

"पत्ता म्हणून नाही. घर म्हणून आहे."

घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून सही त्याचीही लागणार होती. आणि वकिलाचं एक पत्रही, की या बाईला आम्ही सगळं नीट समजावून सांगितलंय. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" त्यावर नवरा म्हणाला, "तुझा भाऊ आहे. तू ठरव. तू केलीस तर मी पण करीन." सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत हे वाक्य तो चार वेळा म्हणाला. चांगुलपणाने म्हणायचा, पण दर वेळी मला वाटायचं याच्या डोक्यात लाटणं घालावं. सगळा भार माझ्या गळ्यात, आणि हा भला माणूस मोकळा.

आणि घर म्हणजे काय ते सांगते. राउंडअबाउटमागच्या, म्हणजे गोल चौकामागच्या वसाहतीतलं साधं तीन बेडरूमचं, विटांचं. अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली, व्हिसाच्या तारखा मोजत. तिथल्या भिंतीला खिळा ठोकायची सोय नव्हती, एजंट येऊन भोकं मोजायचा. हे घर घेतलं त्या दिवशी नवऱ्याने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर हॉलमध्ये एक खिळा ठोकला. त्यावर लावायला काहीही नव्हतं. आठवडाभर नुसता खिळा होता आणि आम्ही जाता-येता बघायचो.

आता ती पहिली सही.

बाबा गेले तेव्हा कोथरूडचा फ्लॅट आई, मी आणि भाऊ अशा तिघांच्या नावावर आला. माझं लग्न झालेलं, इंग्लंडला जायचं ठरलेलं. आमच्याकडे अशा वेळी मुलीने हक्कसोडपत्र करायचं असतं. म्हणजे बापाच्या मालमत्तेतला माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाला सोडते, असं लिहून द्यायचं. करायचं असतं म्हणजे कुणी बळजबरी करत नाही. कुणी विचारतही नाही. एक दिवस सांगतात, मंगळवारी अकरा वाजता रजिस्ट्रार ऑफिसला ये, येताना दोन फोटो आण. भाऊ म्हणाला, "ताई, नुसती सही आहे गं." पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, तिथे तिथे सही केली, अंगठा दिला, छोट्या कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला. बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. भावाने मस्तानी पाजली, आईने साडी घेतली. मला राग नव्हता. खरंच नव्हता. मस्तानीवर आइस्क्रीमचा जादा गोळा घालून घेतला होता त्याने माझ्यासाठी.

बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघून वकिलाकडे गेले. स्टेशनजवळच्या काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक पन्नाशीची इंग्रज बाई होती, सर्दी झालेली, टेबलावर टिश्यूचा ढीग. नवरा फाइल आणि चहाचा थर्मास घेऊन माझ्याबरोबर आत शिरला. बाईंनी त्याला गोड हसून बाहेर काढलं. तुमच्याशी मी नंतर वेगळी बोलणार, म्हणाल्या, आधी यांच्याशी एकटीशी. दार लागलं आणि काचेतून मला नवरा दिसत राहिला, थर्मास मांडीवर घेऊन बसलेला.

"तुम्ही कशावर सही करताय, ते मला तुमच्या शब्दांत सांगा," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "इन्शुरन्ससारखं आहे. माझ्या भावाच्या कामात काही गडबड झाली तर कंपनी पैसे भरेल."

"आणि मग?"

"मग काय? संपलं."

बाईंनी नाक पुसलं. "सगळे हेच सांगतात," त्या म्हणाल्या. "इन्शुरन्स कंपनी पैसे भरते आणि विसरते. बाँडवाली कंपनी पैसे भरते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात येते. तुम्ही सही केलीत की ते पैसे देणाऱ्या तुम्ही. भावाकडे इथे काहीच नाही. तुमच्याकडे घर आहे. म्हणून तर तुम्ही हव्या आहात."

मग त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. गोदामवाल्यांनी नुसतं लेखी मागितलं की कंपनीने पैसे द्यायचे. भावाची चूक होती की नाही ते सिद्ध करायची गरज नाही. काम उत्तम झालं आणि भांडण झालं, तरीही. भाऊ आजारी पडला, बोट उशिरा आली, पॅनेलं बंदरात अडकली, तरीही.

तरी मी हट्टाने म्हटलं, "माझा भाऊ काम टाकून जाणाऱ्यातला नाही."

"नसेल," बाई म्हणाल्या. "सही करायला कुणाचा दबाव आहे?"

"नाही."

"यापूर्वी भावासाठी अशा कुठल्या कागदावर सही केली आहे?"

"हो. एकदा."

"तेव्हा तुम्हाला सल्ला कुणी दिला होता?"

"भावाने," म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मस्तानीचं मी काही बोलले नाही.

मग त्या म्हणाल्या, मागे भावाचा मूळ अर्ज जोडलाय, त्यातली तुमची माहिती बरोबर आहे ना तेवढी तपासा. मी पान उलटलं. मागे कोण उभं राहणार या रकान्यात माझं पूर्ण नाव, मधे नवऱ्याच्या नावासकट. घराचा पत्ता. घराची आजची किंमत. संमती आहे का, तर हो. खाली भावाची ती लफ्फेदार सही, आणि सहीखाली तारीख.

तारीख एप्रिलमधली होती.

एप्रिलमध्ये तो गोदाम बघायला इंग्लंडला आला होता आणि आठ दिवस माझ्याकडे राहिला होता. मी रोज गरम पोळ्या करून वाढत होते. एकदा ताटावर बसल्या बसल्या त्याने विचारलं होतं, "ताई, किती झाली गं आता घराची किंमत?" मी कौतुकाने सांगितली होती, वर जरा वाढवूनच. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला होता, "कौन्सिल टॅक्सचं बिल दे ना एक, एका फॉर्मला पत्त्याचा पुरावा जोडायचाय." मी ड्रॉवरमधून काढून दिलं होतं. आणि माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच पोळ्या खाऊन, माझी संमती आहे असं त्याने लिहून टाकलं होतं. मला विचारलं तीन महिन्यांनी, सोमवारी.

"काही चुकलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. सगळी माहिती बरोबर आहे," मी म्हटलं. त्यांनी मला एक टिश्यू दिला. त्यांना वाटलं मलाही सर्दी झालीय, किंवा तसं दाखवलं. आज सही करू नका, म्हणाल्या. घरी जा, शुक्रवारी बाराची वेळ ठेवते, तेव्हा काय ते सांगा.

गाडीत मी जे तोंड सोडलं ते नवऱ्याने निमूट ऐकून घेतलं. तीन राउंडअबाउट मी बोलतच होते. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं रे मी! एप्रिलमध्ये ताटावर बसून विचारलं असतं, तर न वाचता म्हटलं असतं! चौथ्या राउंडअबाउटला नवरा म्हणाला, "म्हणूनच नसेल विचारलं. विचारायची गरजच नव्हती." आणि मग परत त्याचं ते, "तू ठरव."

तरीही ठरत नव्हतं. राग एकीकडे, आणि दुसरीकडे त्याचे मेसेज. "ताई झालं का?" "ताई उद्या होईल ना?" "ताई, वीस पोरांचे व्हिसा लावलेत." गोदामाच्या मोकळ्या जागेचा फोटो, त्यावर लाल गोल करून 'आपलं पहिलं काम'. आपलं. बाबा म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण. ते त्यांच्या ऑफिसातल्या जामीन मागत फिरणाऱ्या लोकांबद्दल म्हणायचे. घरातल्या माणसांबद्दल काय करायचं ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या घाईत असताना भावजयीचा फोन आला. आमचं तसं फार सख्य नाही. ती फटकळ आहे, मी फटकळ आहे, आणि भाऊ आमच्या दोघींच्या मधे सुखाने जगतो. सणावारी बोलणं, मुलांची चौकशी, बस. ती मला आधीपासून अहो-जाहो करते आणि मी ते कधी मोडलं नाही.

"ताई, एक विचारू? त्यांनी तुम्हाला घरावर सही करायला सांगितलीय?"

"हो. का?"

पलीकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला काल कळलं. त्यांच्या फोनवर तुमचा मेसेज दिसला. ताई, आधी माझ्याकडे मागितली होती."

"काय मागितलं होतं?"

"सही. मार्चमध्ये. त्या लोकांना दोन्ही चालत होतं, एक तर तिथलं घर, नाहीतर इथल्या बँकेची गॅरंटी. बँक कोथरूडचा फ्लॅट तारण मागत होती. रीडेव्हलपमेंटच्या वेळी त्यावर माझं नाव लागलंय, म्हणून माझी सही हवी. मी नाही म्हटलं नव्हतं हो. मी म्हटलं, कागद द्या, मी वाचते, माझ्या भावाला दाखवते, मग करते. तर म्हणाले, नवऱ्यावर विश्वास नाही का. आठ दिवस धुमसत होते. मग म्हणाले, राहू दे, माझं मी बघतो. आणि तिकडे आले."

मी दारातल्या पायरीवर बसले. एका पायात बूट होता, एका पायात नव्हता.

कोथरूडचा फ्लॅट. ज्यातला माझा हिस्सा मी पेन्सिलीच्या फुल्यांवर सही करून सोडून दिला, तोच. तो तारण ठेवला असता तर काम झालं असतं. पण त्यासाठी घरात एक कागद वाचणारी बाई होती. त्याला न वाचता सही करणारी बाई हवी होती, आणि ती मी होते.

"ताई, रागावलात का?" भावजय म्हणाली.

"तुझ्यावर नाही," मी म्हटलं. वीस वर्षं मी या मुलीला कजाग म्हणत आले होते, तोंडावर नाही, पण मनात आणि नवऱ्यापाशी. "तुझं बरोबर होतं गं," म्हटलं. ती रडायला लागली, आणि मी ऑफिसला उशिरा पोचले.

दुपारी लंच ब्रेकमध्ये मी गाडीत बसून भावाला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात संध्याकाळ झाली होती. तो साइटवर होता, मागे कटरचा आवाज.

"झालं ना गं ताई?"

"नाही. मी सही करणार नाही."

त्याला आधी कळलंच नाही. हसला. मग कटर थांबवायला ओरडला आणि म्हणाला, "काय?"

"एप्रिलची तारीख आहे तुझ्या अर्जावर. माझी संमती कुणी दिली तुला?"

"अगं ते... ते भरायचंच असतं. तू नाही म्हणशील असं वाटलंच नाही ना मला!"

"तेच तर."

"ताई, उद्या चारला मुदत आहे. पोरांचे व्हिसा लावलेत. आता कुठून आणू मी दुसरं?"

"कोथरूडचा फ्लॅट ठेव."

त्याला समजलं की मला समजलंय. मग त्याचा चेहरा लाल झाला, लहानपणी कॅरममध्ये हरला की व्हायचा तसा. "हिने फोन केला होता ना तुला? बरं जमलं तुमचं. तू पण तिकडे राहून तिकडचीच झालीस. भावाला वकील दाखवतेस? परकी झालीस गं ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परकी? अरे, हिस्सा सोडून दिला तेव्हा नाही परकी झाले! तेव्हा तुझी ताई होते! आता माझ्या नवऱ्याने खिळा ठोकलेली एक भिंत आहे माझ्याकडे, ती राखली तर परकी?"

पार्किंगमधून जाणाऱ्या माझ्या मॅनेजरने काचेतून वाकून बघितलं आणि ती घाईने पुढे गेली. फोन भावाने कापला.

शुक्रवारी बारा वाजता मी वकीलबाईंना सांगितलं, सही करत नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि कागदांवर एक रेघ मारली. नवऱ्याला आत बोलवायची वेळच आली नाही. तेवढ्याने सुटले असं वाटायला हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही. तीन वाजले. साडेतीन. माझं नाही काही बिघडलं, घर शाबूत आहे, असं मी स्वतःला सांगत होते, आणि डोळ्यांपुढे ती वीस पोरं येत होती, नव्या बॅगा घेतलेली. चार वाजले. काहीच झालं नाही. फोन आला नाही, मेसेज आला नाही. नवरा लवकर घरी आला आणि त्याने न विचारता खिचडी टाकली. ताटावर मी हमसून हमसून रडले. माहेर संपलं असं मी मोठ्याने म्हणाले, आणि या वेळी तो 'तू ठरव' म्हणाला नाही.

पुढचं मला भावजयीकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. गोदामवाल्यांनी तीन आठवड्यांची मुदत वाढवून दिली. भाऊ बँकेत गेला. फ्लॅट तारण ठेवला. पण सही करायच्या आधी भावजयीने अट घातली, की सगळे कागद दोघांनी मिळून वाचायचे, त्याने मोठ्याने वाचायचे आणि तिने ऐकायचे. माझ्याकडे पाठवलेले ते जुने कागदसुद्धा. दोन संध्याकाळी लागल्या. "एका पानावर ते थांबले," ती म्हणाली, "आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. कुठलं पान ते मी विचारलं नाही." मग तिने सही केली.

राखी मी पोस्टाने पाठवली. पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं. दरवर्षी हात वर करून फोटो पाठवतो, त्या वर्षी फोटो आला नाही.

ऑक्टोबरमध्ये काम सुरू झालं. माझा भाऊ साउथहॅम्प्टनमध्ये, माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर राहत होता, आणि मला ते भावजय सांगत होती. आला नाही, फोन केला नाही. मीही केला नाही. दोघं एकाच आईची. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी भावजयीने साइटचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, "ते म्हणणार नाहीत. तुम्ही जा."

मी सुट्टी टाकली. डब्यात भरली वांगी आणि भाकरी, दुसऱ्या डब्यात चकल्या, आणि टॉवेलात गुंडाळलेलं ताम्हन, निरांजन, कुंकू, सुपारी. एकटीच निघाले. वाटेत दोनदा हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून परत फिरावं का, याचा विचार केला. आला नाही बाहेर तर? त्या गेटवर ताम्हन घेऊन उभं राहायचं, चार लोकांदेखत?

गेटवर एक तगडा सिक्युरिटीवाला होता. पिशवी बघू म्हणाला. निरांजन उचलून वास घेतला. तूप आणि वात. म्हणाला, "मॅडम, आत फोमची पॅनेलं आहेत. उघडी ज्योत चालणार नाही. काडीसुद्धा नाही." मी म्हटलं, "पेटवणार नाही, पण भावाला बोलाव." त्याने वॉकी-टॉकीवर कुणाला तरी सांगितलं, एक लेडी आहे, म्हणते बहीण आहे. पलीकडून खरखर आली. मग काहीच नाही. मी केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बाहेर खाडीवरचा वारा. दहा मिनिटं झाली. पंधरा. सिक्युरिटीवाला माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना.

मग दार उघडलं. पिवळं जाकीट, हेल्मेट, आणि बारीक झालेला चेहरा. दाढीत पांढरं आलं होतं, जे फोटोत कधी दिसलं नव्हतं.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले."

त्या चार महिन्यांत मी मनात पाठ केलेली भाषणं कुठे गेली कुणास ठाऊक. त्याने पिशवीतून डोकावणारं निरांजन बघितलं आणि उचलून हातात घेतलं, नुसतं. "आत कॅन्टीनमध्ये बसू," म्हणाला. "जेवली नसशील."

सिक्युरिटीवाल्याने लगेच एक फॉर्म पुढे सरकवला. पाहुण्यांनी आत जायच्या आधी भरायचा. नाव, वेळ, आणि खाली सहीच्या जागी छापलेली फुली. मी पेन उचललं. सवयच ती, हात सरळ खालच्या ओळीवर गेला.

तेवढ्यात भावाने कागदावर हात ठेवला.

"थांब, ताई. आधी वाच."

मी वर बघितलं. टोमणा शोधत होते त्याच्या चेहऱ्यावर. सापडला नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्या कागदावरच्या आपल्या हाताकडे बघत होता.

मी पर्समधून चष्मा काढला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. दोन पानं होती, बारीक अक्षरांत. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. भाऊ न पेटलेलं निरांजन हातात धरून बाजूला उभा राहिला.